माथेरानचा रस्ता चालणाऱ्यांचाच राहिला पाहिजे!



सर्वोच्च न्यायालयाने 6 ऑगस्ट 2025 रोजी आपल्या गावाबद्दल दोन मोठे निर्णय दिले. माणसाने माणसाला ओढून नेणारी हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, हा पहिला. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक टाका, पण गावातल्या आतल्या रस्त्यांवर आणि पॉइंटांकडच्या वाटांवर ते नकोत, हा दुसरा. पहिल्या निर्णयाचे आम्ही मनापासून स्वागत करतो. चढावर धापा टाकत रिक्षा ओढणाऱ्या बापाची मुले याच गावात वाढली आहेत. ती लाज आता संपली पाहिजे, आणि हातरिक्षांच्या जागी येणाऱ्या ई-रिक्षा ज्यांच्या हाती द्यायच्या त्यांत पहिला हक्क त्या ओढणाऱ्यांचाच असला पाहिजे. त्यात दुसऱ्या कोणाचा वशिला आम्ही चालू देणार नाही.

हे पत्रक आहे ते दुसऱ्या निर्णयाबद्दल. निकाल लागला, आता भांडण मिटले, असे अनेकांना वाटते आहे. मिटलेले नाही. ब्लॉक कुठे टाकायचे ते न्यायालयाने सांगितले. ते कसे टाकायचे, त्यांच्या खाली काय भरायचे, पावसाचे पाणी कुठून काढायचे, घोड्याने कुठून चालायचे, म्हाताऱ्या माणसाने दम खायला कुठे टेकायचे, हे सगळे गावाने बोलायचे आहे. गाव गप्प बसले तर ठेकेदार ठरवील, आणि ठेकेदाराला यांतल्या एकाही प्रश्नाचे पैसे मिळत नाहीत.

आपल्याकडे काय आहे ते आधी नीट पाहा. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 साली या डोंगरावर चढला. 1907 साली आदमजी पीरभॉय यांनी नेरळहून रेल्वेगाडी आणली. पण मोटार काही वर आली नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी 2003 मध्ये माथेरानला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवले आणि रुग्णवाहिका, अग्निशमन गाडी अशा निकडीच्या वाहनांपलीकडे गावात मोटारीला मज्जाव पक्का केला. देशातली बाकीची गावे रस्त्याच्या कडेला चार फूट फुटपाथ मिळावा म्हणून भांडत आहेत. मोकळा, सुरक्षित फुटपाथ हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे याच सर्वोच्च न्यायालयाला मे 2025 मध्ये सांगावे लागले. आपला तर अख्खा महात्मा गांधी रस्ताच फुटपाथ आहे. एवढी मिळकत दुसऱ्या कोणत्या गावाकडे आहे? ती आपण निष्काळजीपणे गमावणार आहोत का?

माती हवी की पेव्हर, एवढ्यावरच गावाचे दोन तट पडले. आमचे म्हणणे असे की दोन्ही तट मूळ दुखण्याकडे पाहत नाहीत. दुखणे पाण्याचे आहे. हा डोंगर म्हणजे काळ्या खडकावर जांभ्याची टोपी. जांभ्याची लाल माती झाडांच्या मुळांनी आणि पालापाचोळ्याने धरलेली असते तोवर पाणी पिते. टापांनी आणि पावलांनी ती मोकळी झाली, की जुलैच्या पहिल्या मोठ्या झडीत वाहून जाते. मग रस्ता दोन्ही कडांपेक्षा खाली बसतो. खाली बसलेल्या रस्त्यात आजूबाजूचे पाणी उतरते. पाणी उतरले की आणखी माती जाते, मुळे उघडी पडतात, आणि काही वर्षांत त्या झाडाची सावलीही जाते. आपला रस्ताच आपला ओढा होतो, आणि आपली माती दरीत जाते.

याला उपाय आहे आणि तो खर्चिक नाही. उतारावर थोड्या-थोड्या अंतरावर जांभ्याचे आडवे बांध घालायचे, म्हणजे पाणी वेग धरण्याआधीच बाजूला वळते. दोन्ही कडांना दगडी गटार. ओढा आडवा येतो तिथे पुरेशी रुंद मोरी. तीव्र चढावर जांभ्याच्या रुंद, कमी उंचीच्या पायऱ्या आणि शेजारी घोड्यासाठी, हातगाडीसाठी उताराची पट्टी. पावसाआधी गटारे उपसायची, पावसानंतर गेलेली माती भरायची. हे काम दरवर्षी करावे लागते, त्याचे उद्घाटन होत नाही, त्याची कोनशिला बसत नाही. म्हणूनच ते होत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता पेव्हरबद्दल. दस्तुरीहून आजारी माणसाला, बाळंतिणीला, शाळेच्या पोराला ई-रिक्षाने न्यायचे तर त्या पट्ट्यात चाकाला टणक जमीन लागणार, हे आम्हाला मान्य आहे. डिसेंबर 2022 मध्ये ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली तेव्हा या रिक्षांचा आधार किती मोठा आहे ते गावाने अनुभवले. जे लोक ब्लॉकचे नाव काढताच अंगावर येतात, त्यांनी पाठीवर म्हातारी आई घेऊन तो चिखल एकदा चढून पाहावा. पण ब्लॉकखाली काँक्रीट ओतले तर पाणी मुरायची वाट बंद होते. उतारावरून ते दुप्पट जोराने धावते आणि ब्लॉक जिथे संपतात नेमकी तिथेच घळ पाडते. शेजारच्या झाडाची मुळे तहानलेली राहतात ती वेगळीच. म्हणून खाली खडी आणि वाळूच हवी, कडा जांभ्याने बांधलेल्या हव्यात, आणि उद्या ब्लॉक उचलावे लागले तर ते हाताने उचलता आले पाहिजेत. ब्लॉक सिमेंटचे की भाजलेल्या मातीचे, हा वाद न्यायालयापर्यंत गेला होता. ठेकेदाराला काय सोयीचे पडते यावर त्याचा निकाल लागता कामा नये.

घोडेवाल्यांचे ऐका. फेब्रुवारी 2023 मध्ये न्यायालयाने ब्लॉकचे काम थांबवले, त्यामागे त्यांचीच तक्रार होती. ओल्या ब्लॉकवर नाल सरकते, उतारावर घोडा पडतो, त्याच्याबरोबर बसलेला पाहुणाही पडतो. गावात चारशेहून जास्त घोडे आहेत आणि त्यांवर पोट भरणारी घरे आहेत. ती घरे विकासाच्या आड येत नाहीत, तीही विकासाची मालक आहेत. पेव्हरच्या बाजूने सलग मातीची पट्टी ठेवा. चालणाऱ्याला लीद तुडवावी लागणार नाही, घोड्याला टणक जमीन लागणार नाही, आणि ई-रिक्षाच्या घंटीने घोडा बुजणार नाही. जागा अपुरी आहे म्हणणाऱ्यांनी टेप घेऊन आमच्याबरोबर यावे.

आणि बाजारपेठ. इथे आम्हा दुकानदारांनाही चार शब्द ऐकून घ्यावे लागतील. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चालायला किमान 1.8 मीटर रुंदी कसल्याही अडथळ्याविना मोकळी हवी. शनिवारी-रविवारी चपलांचे स्टँड, चिक्कीच्या फळ्या, पाट्या आणि पावसाळी ताडपत्र्यांचे बांबू आपणच रस्त्यावर आणतो, आणि मग गिऱ्हाईक आत येत नाही म्हणून रडतो. रस्ता सुधारायचा तर फळी आधी आत घ्यायची. डोंगराखालच्या वाड्यांतून पाटी घेऊन वर येणाऱ्या आदिवासी बायांना मात्र अतिक्रमण म्हणून हाकलू नका. त्यांना बसायला ओटे बांधून द्या. बाजारातून निघणाऱ्या प्रत्येक चढावर दगडी बाक आणि हाताला कठडा द्या, घोड्यांना पाण्याचा हौद द्या.

काम सुरू होण्याआधी नकाशा, अंदाजपत्रक, ठेकेदाराचे नाव आणि काम बिघडले तर त्याने ते स्वखर्चाने किती वर्षे दुरुस्त करायचे, हे सगळे मराठीत लिहिलेला फलक बाजारपेठेत लागला पाहिजे. पाण्याचा आराखडा त्या फलकावर नसेल तर काम सुरू होऊ देऊ नका. नगरपरिषदेत माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा, एकट्याने नको, घरटी एक. आणि पुतळ्याच्या पुढे आतल्या वाटेवर कोणी ब्लॉकची थप्पी उतरवताना दिसला, तर त्याच जागी उभे राहून त्याला निकालाची प्रत वाचून दाखवा.

बाजारपेठेतील रहिवासी, माथेरान