कोयता एक, माणसं दोन

दिवाळी झाली की आमच्या बीड जिल्ह्यातली गावं ओस पडायला लागतात. म्हातारी माणसं आणि काही पोरं तेवढी मागं. बाकीचे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी घालून पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, ऊस तोडायला.

जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. मीही मोठ्या मथळ्याची बातमी केली होती. वाढ चांगलीच होती, नाही कोण म्हणतंय? पण आमच्याकडं मजुरी माणसाला नाही, कोयत्याला मिळते. आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडीपाशी नेते. पहाटे उठून भाकरी थापते ते वेगळंच. उचल मात्र मुकादम नवऱ्याच्या हातात देतो. वहीत तिचं नावच नाही. ताप असो की पाळी, तिचा खाडा पडला तर दंड जोडीला. 2019 मध्ये इथल्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा विषय राज्यभर गाजला. आम्हा पत्रकारांना तो आधी माहीत नव्हता असं नाही. आम्ही लिहिलं नव्हतं.

उचल फिटली नाही की पुढच्या हंगामाला पुन्हा त्याच मुकादमाकडं. अंगावर बाकी असलेला माणूस भाव काय करणार?

पुढचा करार होईल तेव्हा टनाचा आकडा छापायच्या आधी मी विचारणार आहे, यातले बाईच्या खात्यावर किती?