‘दोघेहि थोर’ म्हणणारांस

गेल्या महिन्यांत एका स्नेह्यांच्या घरीं जेवणें आटोपून पानाचें तबक फिरत असतां गाण्याच्या गोष्टी निघाल्या. यजमानांची महाविद्यालयांत शिकणारी चुणचुणीत कन्या मजकडे वळून म्हणाली, “सर, एकच नांव सांगायचें. लता कीं आशा?” मी उत्तरासाठीं तोंड उघडतों न उघडतों तोंच शेजारच्या एका वयोवृद्ध गृहस्थांनीं हात वर करून निकाल दिला, “अगं, असें विचारूं नये. दोघीहि थोर!” सर्वांनीं माना डोलावल्या, मुलगी ओशाळली आणि बोलणें भाजीच्या दरांकडे वळलें. घरीं परततांना मला त्या मुलीचें वाईट वाटलें आणि त्या गृहस्थांचा राग आला. हा लेख त्या रागांतून जन्मला आहे, हें प्रारंभींच कबूल करतों.

‘दोघेहि थोर’ हें वाक्य आपल्या सुशिक्षित समाजांत अलीकडे फारच प्रतिष्ठा पावलें आहे. तें उच्चारणारा उदार ठरतो, समतोल ठरतो आणि मुख्य म्हणजे त्याला पुढें एक अक्षरहि बोलावें लागत नाहीं. वाक्य खोटें आहे असें माझें म्हणणें नाहीं. तें खरें आहे, आणि तेवढ्यासाठींच तें निरुपयोगी आहे. दोन कवींची तुलना करा असा प्रश्न मी परीक्षेंत घातला आणि विद्यार्थ्यानें ‘दोघेहि कवि महान् आहेत’ एवढें लिहून कागद परत केला, तर मी त्यास किती गुण द्यावे? जें उत्तर आम्ही विद्यार्थ्याकडून घेत नाहीं, तें दिवाणखान्यांत बसून स्वतः देतांना आम्हांस संकोच कसा वाटत नाहीं?

या वृत्तीचे समर्थक म्हणतील कीं, निवड केली कीं पक्ष पडतात आणि पक्ष पडले कीं कलेची हानि होते. इतिहास तर याच्या उलट साक्ष देतो. बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्या चाहत्यांचे दोन तट एके काळीं महाराष्ट्रभर होते. एकीकडे गंधर्व नाटक मंडळी, दुसरीकडे केशवरावांनीं १९०८ सालीं स्थापिलेली ललितकलादर्श. तट असे कडवे, तरी ८ जुलै १९२१ रोजीं टिळक स्वराज्य फंडासाठीं मुंबईंत ‘संयुक्त मानापमान’ झालें, तेव्हां बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर होऊन एकाच रंगभूमीवर उभे राहिले. त्या रात्रीं प्रेक्षागृहांत बसलेले लोक ‘दोघेहि थोर’ म्हणणारे नव्हते. आपल्या माणसाची तान पडते कीं चढते, इकडे त्यांचे प्राण लागले होते. म्हणूनच तो प्रयोग शंभर वर्षें उलटलीं तरी मराठी माणसाच्या तोंडीं आहे. त्यानंतर तीनच महिन्यांनीं, ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं, केशवराव वयाच्या एकतिसाव्या वर्षीं निवर्तले. त्या मृत्यूनें ती जोडी कायमची फुटली. पक्षपाती रसिकांनीं रंगभूमीचें नुकसान केलें नाहीं. त्यांनीं ती तोलून धरली.

मग माझा पक्ष कोणता? माझा जन्म त्या काळानंतर पुष्कळच उशिरां झाला. माझी पसंती केवळ ध्वनिमुद्रिकांवर उभी आहे. तेवढ्या आधारावर मी निःशंकपणें बालगंधर्व म्हणतों. केशवरावांचा आवाज तडफदार आहे. तो वर चढतो तेव्हां ऐकणाराची छाती भरून येते. परंतु थोड्या वेळानें मला त्यांचें सामर्थ्यच ऐकूं येऊं लागतें आणि पद मागें राहतें. बालगंधर्वांचें तसें होत नाहीं. त्यांचा शब्द मात्रेवर आदळत नाहीं. तो किंचित् रेंगाळून, जणूं विचार करून, अलगद जागेवर येतो. बोलतां बोलतां बाईचा कंठ दाटावा आणि त्याचें गाणें व्हावें, तसें तें गाणें आहे. भास्करबुवा बखल्यांची तालीम त्यामागें आहे, पण ती स्वतःची जाहिरात करीत नाहीं. यावर प्रतिपक्ष म्हणेल, आणि योग्यच म्हणेल, कीं ‘वन्स मोअर’ घेऊन घेऊन याच पुरुषानें नाटकाचा जीव घेतला. ‘एकच प्याला’तील सिंधूनें दुःखांत बुडालेली असतां तेंच पद पुन्हां पुन्हां आळवावें हें नाट्य नव्हे. आरोप मान्य आहे. मी बालगंधर्वांना निर्दोष म्हणून निवडीत नाहीं. त्यांचे दोष पाहून निवडतों.

आतां ज्या प्रश्नावरून हें सारें उद्भवलें त्याकडे वळतों. माझें उत्तर आशा भोसले असें आहे. हें लिहितांना मला माझ्या वडिलांची आठवण होते, कारण आमच्या घरांत हा वाद सुमारें पंचवीस वर्षें चालला होता. वडील कट्टर लतापक्षीय. १९४९ च्या ‘महल’पासूनचीं गाणीं त्यांना क्रमवार पाठ. रविवारीं सकाळीं चहा झाला कीं ते एखादी ध्वनिमुद्रिका लावीत, डोळे मिटून ऐकत आणि संपतांच मजकडे पाहून विचारीत, “हं, आतां बोला!” मग मी माझी लावीत असें. आई स्वयंपाकघरांतून म्हणे, “झालें तुमचें कोर्ट सुरूं!”

माझें म्हणणें असें: लताबाईंचा स्वर कोणत्याहि नायिकेच्या मुखांतून आला तरी तो लताबाईंचाच राहतो. तो इतका निर्मळ आहे कीं ज्या स्त्रीची ती कहाणी आहे, ती स्त्री त्या प्रकाशांत दिसेनाशी होते. एखादा शब्द गाण्यांत दोनदां आला तर लताबाई तो दोन्ही वेळां सारख्याच सुंदरतेनें म्हणतात. आशाबाई दुसऱ्या वेळीं त्याचा अर्थ पालटतात. पहिल्यांदां जो होकार असतो, त्यांत दुसऱ्यांदां थट्टा असते, किंवा थकवा असतो. १९८१ च्या ‘उमराव जान’साठीं खय्याम यांनीं त्यांना नेहमीपेक्षां खालच्या पट्टींत गावयास लावलें. नेहमीच्या उंचीवरची चमक गेली आणि त्या जागीं एका अनुभवी, जखमी स्त्रीचा आवाज आला. त्या गायनासाठीं त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण मला पुरस्काराचें महत्त्व वाटत नाहीं. मला महत्त्व वाटतें तें याचें कीं, भूमिकेसाठीं स्वतःचा आवाज बाजूस ठेवतां येणें हें नटाचें काम ही गायिका करते.

आणि येथें एक अप्रिय गोष्ट बोलणें प्राप्त आहे. आपल्या मध्यमवर्गांतील अनेकांची लताबाईंविषयींची भक्ति कानांतून उत्पन्न झालेली नाहीं. ती घरंदाजपणाच्या कल्पनेंतून उत्पन्न झाली आहे. त्या स्वरांत आम्हीं आमच्या आज्ञाधारक कन्येचें चित्र पाहिलें, आणि क्लबांत नाचणाऱ्या स्त्रियांचीं गाणीं जिच्या वांट्यास आलीं तिला आम्हीं दुसऱ्या पाटावर बसविलें. ओ. पी. नय्यर यांनीं लताबाईंच्या आवाजावांचून आपली सारी कारकीर्द उभी केली, १९५७ च्या ‘नया दौर’मध्यें आशाबाईंचें गाणें घरोघरीं पोंचलें, तरी आमचा पाट हलला नाहीं. उलट, लता म्हटलें तर आपण जुनाट ठरूं या भीतीनें आशाचें नांव घेणारे तरुणहि मी पाहिले आहेत. तीहि निवड नव्हे. ती पोषाखाची तऱ्हा आहे.

माझे वडील या दोहोंपैकीं कोणत्याहि वर्गांत बसत नव्हते, म्हणूनच त्यांच्याशीं भांडण्यांत अर्थ होता. ते म्हणत, “तूं शब्द ऐकतोस, मी दोन शब्दांमधली जागा ऐकतों.” मग ध्वनिमुद्रिका मागें नेऊन ते मला दाखवीत कीं, एका स्वरावरून दुसऱ्यावर जातांना या बाईच्या गळ्यांत सांधा कोठें दिसतच नाहीं, आणि श्वास कोठें घेतला तेंहि कळत नाहीं. श्रीनिवास खळे यांनीं स्वरबद्ध केलेले तुकोबांचे अभंग लताबाईंच्या आवाजांत त्यांनीं मला असे कितीदां ऐकविले असतील! त्यांनीं माझें मत पालटलें नाहीं. परंतु लताबाईंना कसें ऐकावें हें मला त्यांच्या भक्तांनीं शिकविलें नाहीं, माझ्या प्रतिपक्षानें शिकविलें. ‘दोघीहि थोर’ असें म्हणून वडील पहिल्याच रविवारीं उठून गेले असते, तर मी आज अर्धा बहिरा राहिलों असतों.

दुसरा एक वर्ग ‘आवड ज्याची त्याची’ म्हणणारांचा. आवड ज्याची त्याची हें खरें. पण म्हणून तिचीं कारणें विचारूं नयेत हें कोठून आलें? माझें घर माझें आहे, तरी त्याच्या खिडक्या कोणीकडे उघडतात हें पाहुण्यानें विचारलें तर मी रागावत नाहीं. कारण सांगूं लागलों म्हणजेच आपण काय ऐकलें आणि काय ऐकलेंच नाहीं, हें आपणांस कळूं लागतें. माझ्या वर्गांतील मुलें एखादें गाणें ‘मस्त आहे’ म्हणतात आणि थांबतात. त्यांना कान नाहींत असें नव्हे, त्यांना ‘कां?’ असें कोणीं विचारलेंच नाहीं. घरांत विचारलें तर वडीलधारी मंडळी ‘दोघेहि थोर’ म्हणून दार लावून घेतात.

इतकें लिहिल्यावर माझ्या स्वतःच्या पक्षांतील एक भगदाड झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. वरील दोन्ही निवडी पाहिल्या तर माझी कसोटी उघड आहे: जो गायक शब्दाला जागवतो तो माझा. मग भीमसेन जोशी आणि कुमार गंधर्व यांच्यापैकीं मी कोणाचा असावा? दोघेहि कानडी मुलुखांतले. एक गदगचे, दुसरे बेळगांवकडच्या सुळेभावीचे. दोघांनींहि आमच्या घरांत संतांचे शब्द आणले. भीमसेनांनीं ‘संतवाणी’ने, कुमारांनीं निर्गुणी भजनांनीं. कसोटी लावली तर निकाल कुमारांचा. क्षयानें फुप्फुस निकामी केल्यावर देवासला वर्षानुवर्षें अंथरुणाला खिळलेला हा माणूस पुन्हां गाऊं लागला तेव्हां त्याच्या लहान लहान, तुटक स्वरवाक्यांत प्रत्येक शब्दाला नवी धार आली. भीमसेनांच्या अभंगांत शब्द कधीं ताणले जातात, कधीं स्वराच्या पुरांत बुडून जातात. तरीहि मी भीमसेन निवडतों.

कां? याचें उत्तर मला बुद्धीनें देतां येत नाहीं, पण तें मजजवळ आहे. वडिलांच्या अखेरच्या आजारांत रात्रभर रुग्णालयांत बसून मी पहाटे घरीं येत असें. त्या दिवसांत कुमारांचें भजन मला सोसवेना. तें प्रश्न विचारतें. मनुष्याला एकटा उभा करतें. भीमसेनांचा अभंग लावला कीं मोठ्या दिंडींत कोणीतरी आपणांस ओढून घेतल्यासारखें वाटे. आपला आवाज लागो न लागो, पाऊल पडतच राही. तेव्हांपासून मी त्यांचा आहें. ही कसोटींतील पराभवाची कबुली आहे, आणि ती मी लपवीत नाहीं. कसोटी आपली चाकर आहे, धनीण नव्हे. मात्र चाकर ठेवलीच नाहीं तर ती कोठें हरली हेंहि आपणांस कधीं कळावयाचें नाहीं.

याच कुमार गंधर्वांनीं १९६० नंतरच्या दशकांत बालगंधर्वांच्या गाण्यावर एक कार्यक्रम केला आणि त्यास नांव दिलें, ‘मला उमजलेले बालगंधर्व’. वाचकांनीं त्या पहिल्या शब्दाकडे लक्ष द्यावें. ‘थोर बालगंधर्व’ असें ते म्हणाले नाहींत. थोरपणाविषयीं वादच नव्हता. मला काय उमजलें तें मी गाऊन दाखवितों, तुम्हांस दुसरें कांहीं उमजलें असेल तर तें तुम्ही सांगा, असा त्या नांवाचा अर्थ मी घेतों. टीकेची याहून सभ्य आणि याहून धीट व्याख्या मला ठाऊक नाहीं.

वडील जाऊन आतां सहा वर्षें झालीं. रविवारीं सकाळीं मी कधीं कधीं त्यांची ध्वनिमुद्रिका लावतों. ती संपते, आणि “हं, आतां बोला!” असें म्हणणारें कोणी खोलींत नसतें. घरीं येणारे पाहुणे सर्व सज्जन आहेत. ते दोघींनाहि थोर म्हणतात. या सौजन्यानें घर किती ओसाड होतें, हें त्या वयोवृद्ध गृहस्थांना कोणी समजावून सांगेल काय?

तोंवर, त्या दिवशीं ओशाळलेल्या मुलीस माझें राहिलेलें उत्तर येथें देतों. बाळ, आशा. कारणें वर दिलीं आहेत. आतां तुझें नांव सांग, आणि तें माझ्याहून निराळें असेल तर कारणांसकट, एखाद्या रविवारीं सकाळीं, घरीं येऊन सांग.