दम धरा, पण एकट्याने नको

उन्हाळा लागला की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पोट्ट्यांचे पाय आपोआप विहिरीकडे वळतात. नवशिका पाठीला रिकामा डबा बांधून उतरतो, तरबेज काठावरून सूर आणि मुटके मारतो. मग पैज लागते : बुडी मारून कोण जास्त वेळ खाली राहतो, तळातला गाळ मुठीत घेऊन कोण वर येतो. वर्धा, पैनगंगा, अरुणावतीच्या डोहांतही हेच चालते.

सिलिंडर न लावता, एका श्वासावर पाण्याखाली जाण्याच्या या खेळाला जगात फ्रीडायव्हिंग म्हणतात. त्याचा प्राथमिक वर्ग मी पुण्यातल्या एका जलतरण तलावात केला. दम कसा वाढवायचा हे शिकायला गेले होते. पण सगळ्यात आधी शिकवले गेले ते सोबत्यावर नजर ठेवणे.

सराव जोडीनेच. एकजण पाण्यात तोंड खाली घालून निश्चल तरंगतो, दुसरा शेजारी उभा राहून घड्याळ बघतो. ठरलेल्या वेळी तो बोटाने हातावर टिचकी मारतो. तरंगणाऱ्याने तर्जनी उचलून उत्तर द्यायचे. दुसऱ्या टिचकीलाही उत्तर आले नाही, तर क्षणही न दवडता त्याला उताणे करून तोंड पाण्याबाहेर काढायचे, चेहऱ्यावर फुंकर मारायची, गालावर थोपटायचे, नावाने हाक मारायची. वर आल्यावरही अर्धा मिनिट त्याच्यावरून नजर हटवायची नाही. कारण शुद्ध अनेकदा वर आल्यानंतर हरपते.

एवढी काळजी का, याचे उत्तर शरीराच्या रचनेत आहे. श्वास रोखल्यावर काही वेळाने पोटात आचके येऊ लागतात, छाती श्वास मागते. ही हाक मुख्यतः रक्तात साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे येते. ऑक्सिजन कमी झाल्याची सूचना शरीर इतक्या ठळकपणे देत नाही. पैज जिंकण्यासाठी मुले बुडीआधी भराभर खोल श्वास घेतात. त्याने ऑक्सिजनचा साठा फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र घटतो. धोक्याची घंटा उशिरा वाजते, आणि तोवर मेंदूचा ऑक्सिजन संपून माणूस बेशुद्ध पडतो. ना हातपाय मारणे, ना ओरडणे. काठावरच्यांना वाटते, गडी आज चांगलाच दम धरून आहे.

पट्टीचा पोहणारा यातून सुटत नाही. उलट आत्मविश्वासामुळे तोच जास्त अडकतो. रशियाच्या नतालिया मोल्चानोवा यांनी २०१३ साली ९ मिनिटे २ सेकंद श्वास रोखून महिलांचा विश्वविक्रम केला होता. २ ऑगस्ट २०१५ रोजी स्पेनच्या फॉर्मेंतेरा बेटाजवळ त्यांनी बुडी मारली आणि त्या परत वर आल्या नाहीत.

पाण्याखालची शांतता मी अनुभवली आहे. चेहरा पाण्यात गेला की हृदयाचे ठोके मंदावतात, मन स्थिर होते. ते सुख आपल्या मुलांनाही मिळावे असे मला मनापासून वाटते. विहिरीला कुलूप लावून किंवा पोरांना घरात कोंडून हा प्रश्न सुटणार नाही. पोहणे शिकवतो तसाच दम धरण्याचा नियमही शिकवला पाहिजे.

म्हणून पालकांना, शिक्षकांना आणि गावच्या पट्टीच्या पोहणाऱ्यांना विनंती आहे. मुलांना सांगा : बुडीआधी भराभर श्वास घ्यायचा नाही. दोघांनी एकदम बुडी मारायची नाही. एक खाली, तर दुसरा वर, नजर पाण्यावर. विहिरीच्या काठावर दोर आणि लांब बांबू कायम ठेवा. बुडालेल्याला बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. श्वास थांबला असेल तर लगेच तोंडाने श्वास द्या, छाती दाबायला सुरुवात करा आणि दुसऱ्याला १०८ ला फोन लावायला सांगा. हे येणारी दोन-चार माणसे प्रत्येक गावात हवीत. शाळांनी सुट्या लागण्याआधी एक तास यासाठी द्यावा.