शॉकअप नवे, माउंट जुनं

गेल्या महिन्यात गाडीचे पुढचे शॉकअप बदलले. मेकॅनिकने विचारलं, "वरचं माउंट आणि बेअरिंगपण टाकू का?" मी म्हटलं, "चालतंय की जुनं!" पंधरा दिवसांत स्टिअरिंग वळवलं की 'टण्ण' आवाज यायला लागला. शेजारी बसलेली आई म्हणाली, "नवीन घातलंस ना रे?"

तर मंडळी, मारुती ८०० पासून आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. त्याचं वरचं टोक रबरी माउंटने बॉडीला धरलेलं असतं. रबर हादरे गिळतं. त्याखालच्या बेअरिंगमुळे स्प्रिंगसकट अख्खा स्ट्रट चाकाबरोबर वळतो. बेअरिंग जाम झालं की स्प्रिंग पिळली जाते आणि झटक्याने सुटते. तोच तो आवाज! वळणानंतर स्टिअरिंगही आपणहून नीट सरळ होत नाही. घाटात हे परवडणारं नाही.

म्हणून माझं मत, शॉकअपबरोबर हे दोन्ही बदलाच. नंतर बदलायचं तर पुन्हा स्ट्रट उतरवा, स्प्रिंग दाबा, अलाइनमेंट करा. मी मजुरी दोनदा भरली.

असो. आईला बिल दाखवलेलं नाही. ती ब्लॉग वाचते, हे आत्ता आठवलं!