कडुलिंबाची चांदी

गेल्या महिन्यात भिवंडीतील एका सूतव्यापारी स्नेह्यांचे चिरंजीव घरी आले. हातात तपकिरी द्रावणाची लहान बाटली होती. एका विक्रेत्याने त्यांना जिल्ह्याची एजन्सी देऊ केली होती आणि त्यासाठी भरभक्कम अनामत मागितली होती. "काका, ही कडुलिंबाच्या पाल्यापासून केलेली नॅनो चांदी. कापडाला लावली की जंतू वाढत नाहीत, घामाचा वास धरत नाही. शिवाय रोज पाच थेंब पाण्यातून घ्यायचे. रसायन काहीच नाही, आपल्या लोकांना पूर्ण चालणारी." कर्जप्रस्ताव तपासण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला 'काहीच नाही' आणि 'पूर्ण' या शब्दांपाशी थांबण्याची सवय जडलेली असते.

शंका मूळ शास्त्राविषयी नव्हती. हे काम आपल्याच महाराष्ट्रात झालेले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये जिरेनियमच्या आणि २००४ मध्ये कडुलिंबाच्या पानांच्या काढ्यातून चांदीचे नॅनोकण तयार केल्याचे प्रसिद्ध केले. कृती ऐकायला स्वयंपाकघरातली वाटते. पाने धुऊन उकळायची, काढा गाळायचा आणि तो सिल्व्हर नायट्रेटच्या पातळ द्रावणात मिसळायचा. काही तासांत फिकट रंग तपकिरी होतो. पानातील शर्करा आणि टर्पिनॉइड द्रव्ये विरघळलेल्या चांदीला पुन्हा धातुरूप देतात, आणि वनस्पतीतील काही घटक कणांभोवती आवरण धरून त्यांचा गोळा होऊ देत नाहीत. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. असे शंभराहून कमी नॅनोमीटरचे हे कण असतात. एरवी याच कामासाठी सोडियम बोरोहायड्राइडसारखी तीव्र रसायने वापरतात, ती येथे टळतात. कडुलिंबाचे श्रेय एवढेच, आणि ते लहान नाही.

परंतु सिल्व्हर नायट्रेट झाडाला लागत नाही. ते चांदी नत्राम्लात विरघळवून करतात आणि हाताला लागले तर कातडीवर काळे डाग पाडते. तेव्हा 'रसायन काहीच नाही' हे विधान जमाखर्चात बसत नाही. मिठाईवरचा वरख जनावराच्या आतड्यांच्या पडद्यांत कुटत असत हे कळल्यापासून आपल्या अनेक घरांनी तो सोडला आहे. विक्रेत्याला ही दुखरी जागा नेमकी ठाऊक असावी. 'वनस्पतिजन्य' म्हटले की सर्व वनस्पती आपल्याला चालतात असेही नाही. पुणे विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये असेच कण वाराहीकंदाच्या, म्हणजे कडू कारांद्याच्या, अर्कातून केले. कंदमूळ वर्ज्य असलेल्या घरांनी अशा बाटलीवर वनस्पतीचे नाव तरी वाचावे.

मग मी कागदावर हिशेब मांडला. प्रयोगशाळेत नेहमी वापरतात त्या एक मिलिमोलर द्रावणात लिटरमागे सुमारे १७० मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट असते आणि त्यात निव्वळ चांदी सुमारे १०८ मिलिग्रॅम. हिशेबापुरता चांदीचा भाव किलोला १ लाख रुपये धरला, तर लिटरभर द्रावणात जेमतेम ११ रुपयांची चांदी. विक्रेत्याची अर्ध्या वाटीएवढी बाटली पाचशे रुपयांची होती.

किमतीपेक्षा ते पाच थेंब अधिक गंभीर आहेत. चांदी दीर्घकाळ पोटात जात राहिली तर ती शरीरात साचून त्वचा निळसर-राखी होऊ शकते, आणि हा रंग सहसा जात नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्येच नियम केला की, डॉक्टरच्या चिठ्ठीविना विकली जाणारी चांदीयुक्त द्रावणे औषध म्हणून सुरक्षित वा परिणामकारक मानता येत नाहीत. भाजलेल्या जखमेवर चांदीयुक्त मलम लावतात, तो वैद्यकीय उपचार आहे. त्यावरून रोज चांदी पिण्याचा आधार मिळत नाही. बाटली घरी कोणी उघडली आहे का, असे मी विचारले. आजोबांनी चार दिवस थेंब घेतल्याचे समजले. त्यांना त्याच संध्याकाळी बंद करायला सांगितले.

कापडाची गोष्ट वेगळी आहे, तेथे व्यापार होऊ शकतो. मात्र कडुलिंबाचे पान ऋतूप्रमाणे आणि झाडाप्रमाणे बदलते, त्याबरोबर कणांचा आकारही बदलू शकतो. गिऱ्हाईकाला प्रत्येक लॉट सारखा हवा असतो. शिवाय कापड धुतले जाणारच. ॲरिझोना राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये नॅनो चांदीचे मोजे धुऊन पाहिले, तेव्हा काहींतील जवळजवळ सर्व चांदी चार धुण्यांत निघून गेली, काहींतली फारशी हललीच नाही. निघालेली चांदी गटारात जाते, आणि पाण्यातील जीवांना ती घातक असते. आपल्या कामवारी नदीची अवस्था मी भिवंडीकरांना काय सांगावी?

चिरंजीवांनी अनामत रोखून धरली आहे. दहा धुण्यांनंतर कापडात किती चांदी उरते, याचा अहवाल त्यांनी विक्रेत्याकडे लेखी मागितला. अद्याप उत्तर नाही. दरम्यान त्यांच्या मातोश्रींनी मला विचारले, "भाऊसाहेब, जंतू मारण्यासाठीच केलेले कापड सामायिकाच्या आसनाला चालेल का?" माझ्या एम.कॉम.ला याचे उत्तर येत नाही. चातुर्मासात महाराजसाहेब येतील, तेव्हा त्यांना विचारायचे आम्ही ठरवले आहे.