ट्रंकेतली पत्रे



सातबाराचा उतारा आणि सोसायटीची पावती आपण ट्रंकेत तळाशी जपून ठेवतो. जुनी पत्रे मात्र दिवाळीच्या साफसफाईत बंबात जातात. आज त्या पत्रांविषयी थोडे बोलू.

अमेरिकेत आयोवा हा मक्याचा मुलूख आहे. तिथल्या डॅनव्हिल या लहानशा गावात बर्डी मॅथ्यूज नावाच्या शिक्षिका होत्या. १९४० साली त्यांनी वर्गातल्या मुलांना परदेशातल्या मुलांची नावे-पत्ते दिले आणि पत्रमैत्री करायला लावली. शेतावर राहणाऱ्या दहा वर्षांच्या ज्युआनिटा वॅग्नरने हॉलंडमधली एक मुलगी निवडली. आपले शेत, आई, बहीण यांची हकीकत लिहून पत्र टाकले. उत्तर आले. लिहिणारीचे नाव होते ॲन फ्रँक.

ॲनही दहा वर्षांचीच. २९ एप्रिल १९४० च्या पत्रात तिने आपली शाळा आणि चित्रकार्डे जमवण्याचा छंद यांबद्दल लिहिले. युद्धाचे नावही नाही. तिची थोरली बहीण मार्गोट हिने मात्र ज्युआनिटाच्या बहिणीला कळवले, की जर्मनीची सरहद्द लागूनच आहे, देश लहान, त्यामुळे निर्धास्त वाटत नाही. दोन आठवड्यांच्या आतच, १० मे रोजी, जर्मन फौजा हॉलंडमध्ये घुसल्या.

डॅनव्हिलच्या मुलींनी पुन्हा लिहिले. उत्तर नाही. युद्ध संपल्यावर पत्र धाडले, तेव्हा उत्तर आले ते मुलींच्या वडिलांचे. कुटुंब ज्यू होते. दोन वर्षे लपून राहिले, ऑगस्ट १९४४ मध्ये पकडले गेले. दोन्ही मुली १९४५ साली छळछावणीत वारल्या. ॲनची डायरी पुढे जगभर वाचली गेली, पण ती जून १९४२ पासूनची. त्याआधीची शाळकरी ॲन त्या पत्रात भेटते. वॅग्नर बहिणींनी ती पत्रे चाळीस वर्षांहून अधिक काळ जपली, म्हणूनच.

त्याच युद्धात मराठा पलटणी इटलीपर्यंत लढल्या. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिथे धारातीर्थी पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, नाव इतिहासात गेले. साध्या शिपायाची हकीकत मात्र त्याच्या पत्रातच राहते. पत्रे तपासली जात, म्हणून ठिकाण लिहिता येत नसे. मग पाऊस किती झाला, बैल कसे आहेत, हेच विचारायचे. घरी आईला अक्षरओळख नसली, की शाळेत जाणारे पोर उत्तर लिही. ते पोरही त्या इतिहासाचे साक्षीदार.

आपल्या इंदापूर तालुक्यात उजनीच्या पाण्याखाली गावे गेली, बिऱ्हाडे हलली. त्या ट्रंका वरकुट्यापासून बारामतीपर्यंत कुठल्या माळ्यावर असतील, ते पाहा. युद्धातली असोत वा १९६२, १९६५, १९७१ सालची, पत्रे बियाण्यासारखी कोरडी ठेवा. सावलीत उलगडा, उन्हात नको. रबर लावू नका, चिकटपट्टी किंवा प्लॅस्टिकचा मुलामा तर नकोच. कापडात गुंडाळा.

आणि आजी-आजोबा आहेत तोवर नातवंडांकडून पत्र मोठ्याने वाचून घ्या. कोणी, कोणाला, कधी लिहिले, हे वेगळ्या कागदावर टिपून ठेवा. सांगणारे माणूस गेले, की पत्रातली नावे ओळखायला घरात कोणी उरत नाही.