पंपाचा स्क्रू गेला, तक्ता आला



जुना ट्रॅक्टर दम खाऊ लागला की फिटर पंपाचे सील तोडून स्क्रू फिरवी, डिझेल वाढे. काळा धूर निघाला की आपल्यालाही कळे, जास्त झाले. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ हे धुराचे नियम लागू झाले आणि बहुतेकांत स्क्रूच्या जागी ईसीयू नावाचा इलेक्ट्रॉनिक डबा आला. जीपगाड्यांत तो आधीच होता. आता लॅपटॉप जोडून 'रिमॅप करतो, ताकद वाढेल, डिझेलही वाचेल' म्हणणारे भेटतात. पैसे मोजण्यापूर्वी डब्यात काय आहे ते पाहू.

डब्यात अक्कल नाही, तक्ते आहेत. खताच्या शिफारशीत एकीकडे जमीन, दुसरीकडे पाऊसमान आणि दोन्ही मिळतात त्या चौकोनात किलो, तसेच हे. एकीकडे इंजिनाचे फेरे, दुसरीकडे पेडल किती दाबले. चौकोनात डिझेलचे माप. फेरे दोन रकान्यांच्या मधले असले तर डबा मधला हिशेब करतो. डिझेल केव्हा सोडायचे, किती दाबाने सोडायचे, यांचे तक्ते वेगळे. (तक्त्यावर बोट ठेवून मीही वर्षानुवर्षे सल्ले दिले, शेतात न जाता. डबा निदान क्षणोक्षणी मोजतो तरी.)

खरी गोम मर्यादेच्या तक्त्यांत आहे. हवा जितकी आली तितक्यात जळेल इतकेच डिझेल. गिअरबॉक्स पेलेल इतकाच जोर. पाणी तापले तर आणखी कमी. रिमॅपवाला हेच आकडे वाढवतो. ताकद वाढते, खोटे नाही. पण पूर्ण भारावर ती जादा डिझेल जाळूनच येते. कंपनीने उन्हाळा, खराब डिझेल आणि झीज यांसाठी जी सवड ठेवली, ती तो खातो. मोटारगाडी पूर्ण जोर क्षणभर लावते. आपला ट्रॅक्टर काळ्या जमिनीत नांगराला तासन्‌तास लावतो. टर्बो, पिस्टन, क्लच यांचे बिल आपल्या नावावर, वॉरंटीही गेली.

म्हणून कंपनीचा तक्ता पवित्र मानायचे कारण नाही. फोक्सवॅगनच्या डब्याला चाचणी चालू आहे हे ओळखता येई आणि तो तेवढ्यापुरता धूर आवरी, हे २०१५ साली उघड झाले. आपली अडचण वेगळी: एखादा सेन्सर गेला, ट्रॅक्टर पेरणीत अडला, आणि डबा वाचायचे कुलूप कंपनीकडे. अमेरिकेत कोलोराडो राज्याने दुरुस्तीची साधने शेतकऱ्यालाही द्या असा कायदा २०२३ मध्ये केला, तो १ जानेवारी २०२४ पासून लागू आहे. आपल्याकडे केंद्राने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या यादीत शेती अवजारे आहेत.

तोवर एवढे करा. ट्रॅक्टर घेताना डीलरला विचारा: बिघाडाचा कोड गावचा फिटर वाचू शकेल का? सेन्सर बदलल्यावर डबा जुळवायला कोण येणार, किती तासांत? उत्तर बिलाच्या पाठीमागे सहीशिक्क्यानिशी लिहून घ्या आणि पुढच्या बैठकीला घेऊन या.